काय गाळलं, का गाळलं

वर्धा शहराला खेटून ‘मेघे’ नावाची गावं आहेत: पिपरी मेघे, सावंगी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे. कागदोपत्री ती निराळी असली, तरी आता शहर कुठे संपतं आणि ती कुठे सुरू होतात, हे अनोळखी माणसाला सांगता येणार नाही. अशा वस्तीत हमखास दिसणारं एक दुकान या प्रकरणापुरतं डोळ्यांसमोर आणू. बोरगाव मेघेतलं हे दुकान काल्पनिक आहे, पण त्यातली कामं तुमच्या ओळखीची आहेत. लग्नपत्रिका, फ्लेक्स, लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ, शिवाय कोपऱ्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. तीन संगणक, आणि तिघांच्या फायली ज्यात साठतात ती टेबलाखालची काळी पेटी. ती नेटवर्कला जोडलेली असते, तिच्या आत दोन किंवा चार हार्ड डिस्क असतात. तिचं नाव नॅस.

नॅसबद्दलचा पहिला गैरसमज दुकानात पेटी आली त्याच दिवशी जन्माला येतो. आत दोन डिस्क आहेत आणि एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उमटतं, म्हणजे बॅकअप झालाच की! तसं नाही. या व्यवस्थेला रेड म्हणतात. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबू नये, एवढंच तिचं काम. चुकून फोल्डर पुसलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसलं जातं. व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. पेटी चोरीला गेली किंवा वीज कोसळून जळली, तर दोन्ही डिस्क एकदमच जातात. म्हणून पेटीचाही बॅकअप लागतो. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम आज जगभर सांगितला जातो: एकूण ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली किमान १ दुसऱ्या जागी. आपल्या दुकानापुरतं बोलायचं तर मूळ फायली नॅसवर, दुसरी प्रत यूएसबी डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरून क्लाउडवर किंवा नागपूरच्या नातेवाइकाकडे ठेवलेल्या दुसऱ्या पेटीवर.

इथे गणित आडवं येतं. इंटरनेटचा अपलोडचा वेग २० एमबीपीएस धरला, तर १ टीबी माहिती वर चढायला अखंड साडेचार दिवसांहून जास्त लागतात. ३ टीबीला जवळजवळ १४ दिवस, तेही वीज एकदाही न जाता. क्लाउडचं भाडं जागेप्रमाणे वाढतं, ते वेगळंच. मग बॅकअपच्या प्रोग्रामने दिलेली फोल्डरांची यादी समोर ठेवून माणूस एकेका चौकोनातली खूण काढायला लागतो. हे नको, तेही नको. नंतर ही यादी कुणी उघडून बघत नाही, आणि म्हणूनच सगळ्या बॅकअपमधली सर्वांत जोखमीची यादी हीच.

एकच प्रश्न

फोल्डर वगळायचं की नाही, हे ठरवताना विचारायचा प्रश्न एकच: हे उद्या नाहीसं झालं, तर उरलेल्या फायलींपासून ते पुन्हा बनेल का? बनणार असेल तर खुशाल वगळा. बनणार नसेल तर ते कितीही मोठं, जुनं किंवा कंटाळवाणं असो, ठेवायचं.

या कसोटीवर बरंच काही सहज बाहेर पडतं. विंडोज जिथे तिथे टाकते त्या ‘थंब्ज डॉट डीबी’ फायली, मॅकच्या ‘डीएस स्टोअर’ फायली, सिनॉलॉजीच्या पेटीत फोटोंच्या छोट्या प्रतिमा साठवणारी ‘@ईएडिर’ नावाची छुपी फोल्डरं. ही सगळी यंत्राने स्वतःच्या सोयीसाठी केलेली आणि हवी तेव्हा पुन्हा करता येणारी. प्रीमियर प्रोचा मीडिया कॅश शेकडो जीबीपर्यंत फुगतो, तोही गेला तरी प्रोग्राम उघडताच पुन्हा तयार होऊ लागतो. लाइटरूमचे प्रीव्ह्यूही तसेच. बॅकअपच्या जगात यासाठी एक नेटका संकेत आहे. तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरात ‘कॅशेडिर डॉट टॅग’ नावाची ठरावीक मजकुराची छोटी फाइल ठेवली, की टार, रेस्टिक, बोर्ग अशा साधनांना ‘अशी खूण असलेली फोल्डरं सोडून द्या’ असं एकदाच सांगता येतं.

पण शेजारीशेजारी बसलेली दोन फोल्डरं दोन टोकांची असू शकतात. प्रीमियरचा कॅश वगळण्याजोगा, मात्र त्याच्या बाजूचं ‘ऑटो-सेव्ह’ नाही, कारण प्रोजेक्टची फाइल बिघडली तर तेच वाचवतं. लाइटरूमचे प्रीव्ह्यू गेले तर हरकत नाही, पण कॅटलॉगच्या फायलीत फोटोवर केलेली सारी मेहनत नोंदलेली असते. ती गेली की कॅमेऱ्यातून आलेले कोरे फोटो तेवढे हाती उरतात. कोरलड्रॉ मूळ फायलीशेजारी ‘बॅकअप ऑफ’ असं नाव लावून आधीची प्रत ठेवतो. मूळ फाइल बॅकअपमध्ये जुन्या आवृत्त्यांसह जात असेल तर ती गाळता येते, नसेल तर ठेवावी.

आणखी एक गट मधल्यामध्ये लोंबकळतो. लग्नाचा अंतिम व्हिडिओ तत्त्वतः पुन्हा बनवता येतो. पण त्यासाठी मूळ चित्रण, प्रोजेक्ट, वापरलेली गाणी, प्लगइन आणि प्रोग्रामची तीच आवृत्ती हवी. दोन वर्षांनी ही सगळी मंडळी एकत्र येतील याची खात्री कोण देणार? अशा फायली वगळायच्या तर ‘बनेल का’ याच्या जोडीला ‘किती दिवसांत, किती पैशांत’ हेही विचारावं लागतं.

मराठी दुकानातला सापळा

बॅकअपबद्दलचे सल्ले बहुतेक इंग्रजी जगात लिहिलेले असतात. त्यांतला एक हमखास सल्ला असा: विंडोजची आणि प्रोग्रामची फोल्डरं वगळा, ती पुन्हा इन्स्टॉल करता येतात. हा सल्ला चुकीचा नाही, पण मराठी डीटीपीवाल्याने तो डोळे मिटून पाळला तर तो पस्तावेल. कारण फॉन्ट त्याच विंडोजच्या फोल्डरात बसलेले असतात.

युनिकोड रुळण्याआधीची मराठी डीटीपी श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींवर उभी राहिली. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये ‘क’ या अक्षराला जगमान्य क्रमांक नव्हता. प्रत्येक कंपनीने रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या पद्धतीने देवनागरीचे तुकडे बसवले होते. म्हणून १९९८ ची पत्रिका कोरलड्रॉ किंवा पेजमेकरमध्ये उघडली आणि तो नेमका फॉन्ट संगणकावर नसला, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. फाइल शाबूत आणि मजकूर निरर्थक. फॉन्टची सीडी कधीच ओरखडलेली असते, सोबतचं यूएसबी किंवा प्रिंटर पोर्टचं कुलूप हरवलेलं असतं, आणि ती आवृत्ती आजच्या विंडोजवर चालेलच असं नाही. म्हणजे इंग्रजी पुस्तकात जे ‘पुन्हा मिळणारं’ त्या रकान्यात बसतं, ते आपल्याकडे ‘पुन्हा न मिळणारं’ असू शकतं. फॉन्टचं फोल्डर जेमतेम काही एमबीचं असतं. ते यादीत ठेवा, आणि जुन्या महत्त्वाच्या पत्रिकांची पीडीएफ प्रतही काढून ठेवा.

मोठं म्हणून वगळलं

आकार पाहून वगळण्याचा मोह किती महाग पडतो, याचं अलीकडचं उदाहरण दक्षिण कोरियातलं आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. बहुतेक यथावकाश परतल्या, पण ‘जी-ड्राइव्ह’ गेला तो गेलाच. सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाची कागदपत्रं ठेवण्यासाठी ही साठवण होती, प्रत्येकाला सुमारे ३० जीबी. एकूण ८५८ टीबी माहिती नष्ट झाली. इतर बऱ्याच प्रणालींचा बॅकअप दुसरीकडे होता, जी-ड्राइव्हचा नव्हता. कारण सांगितलं गेलं ते असं: साठवण प्रचंड आणि तिचा वेग कमी, त्यामुळे बाहेर प्रत घेणं शक्य नव्हतं.

त्यातली उलटी गोष्ट पाहा. कर्मचाऱ्यांनी फायली स्वतःच्या संगणकावर न ठेवता जी-ड्राइव्हवरच ठेवाव्यात, असं सरकारचं धोरण होतं. म्हणजे जे साठवण्याची सक्ती केली तेच बॅकअपमधून वगळलं. आपल्या दुकानातही हेच घडू शकतं. ‘सगळ्या फायली नॅसवरच ठेवायच्या’ असा नियम मालक करतो आणि त्याच नॅसवरचं सर्वांत जड फोल्डर, म्हणजे कॅमेऱ्यातलं मूळ चित्रण, जागा खातं म्हणून बॅकअपमधून काढतो. ते क्लाउडला झेपत नसेल तर स्वतंत्र यूएसबी डिस्कवर घ्यावं. यूएसबीवर सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तरी १ टीबी तीन तासांच्या आत उतरते. फोल्डर एका बॅकअपमधून वगळणं आणि सगळ्याच बॅकअपमधून वगळणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

प्रत आहेच, म्हणून वगळलं

दुसरं उदाहरण आपल्या दारातलं. २७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. ते चालवणारी कंपनी जहाजवाहतुकीतल्या मर्स्क समूहातली होती, आणि ‘नॉटपेट्या’ या सायबर हल्ल्याने त्या दिवशी मर्स्कचं जगभरचं जाळं उद्ध्वस्त केलं होतं. कंपनीच्या अंदाजाप्रमाणे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं झालं.

अनेक सर्व्हरचे बॅकअप सापडले. सापडेना तो डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे कोणाला कुठे प्रवेश आहे याचा नकाशा सांभाळणाऱ्या सर्व्हरचा. असे सुमारे १५० सर्व्हर जगभर होते आणि ते सतत एकमेकांशी माहिती जुळवून घेत. एक गेला तर १४९ आहेतच, या हिशेबात वेगळ्या बॅकअपची गरज कुणाला वाटली नव्हती. सगळे एकाच वेळी पुसले जातील हा विचारच झाला नव्हता. अखेर एक सापडला, घानामध्ये. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, त्यामुळे तो सर्व्हर बंद पडून जाळ्याबाहेर राहिला आणि वाचला. त्यातली माहिती डिस्कवर घेऊन माणसं नायजेरियामार्गे इंग्लंडला गेली, तेव्हा कुठे उभारणीला सुरुवात झाली.

‘हे तर ड्राइव्हवर सिंक आहेच’ म्हणून जे फोल्डर आपण बॅकअपमधून काढतो, त्याची जात हीच. सिंक होणाऱ्या दोन प्रती एकमेकींचं बरं आणि वाईट दोन्ही उचलतात. बॅकअप म्हणवण्यासाठी प्रतीला काही काळ तरी मुळापासून तुटलेलं राहता आलं पाहिजे. रात्री प्रत घेऊन झाल्यावर यूएसबी डिस्क काढून कपाटात ठेवणारा दुकानदार घानातली वीज जाण्याची वाट पाहत बसत नाही.

यंत्र नियम कसा वाचतं

काय वगळायचं ते ठरलं. आता ते यंत्राला सांगायचं. नॅसच्या जगात आरसिंक हे साधन अनेक ठिकाणी पडद्यामागे राबतं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये ते ऑस्ट्रेलियात बनवलं. त्याचे वगळण्याचे नियम समजले की इतर साधनांचेही निम्मे समजतात.

समजा, नॅसच्या पहिल्या पायरीवर ‘जुने’ नावाचं अडगळीचं फोल्डर आहे आणि तुम्ही नियम लिहिला: ‘जुने’ वगळा. आरसिंकच्या लेखी याचा अर्थ, कुठेही खोलवर ‘जुने’ नावाचं जे काही असेल ते सगळं वगळा. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोल्डरात जुन्या डिझाइनसाठी ‘जुने’ असेल, तर तीही सगळी गेली. फक्त पहिल्या पायरीवरचं वगळायचं तर नावाआधी तिरकी रेघ द्यावी लागते: ‘/जुने’. नावाच्या शेवटी रेघ दिली तर नियम फोल्डरांनाच लागू होतो, त्या नावाच्या फायलींना नाही. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळेल तो लागू होतो. म्हणजे ‘हे एक सोडून बाकी वगळा’ असं म्हणायचं तर सोडायचं आधी लिहावं लागतं.

देवनागरी नावांची एक गंमत यात भर घालते. ‘ॲडव्हान्स’ या नावातला पहिला ‘ॲ’ दोन प्रकारे टंकता येतो. एक म्हणजे २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आलेलं स्वतंत्र अक्षर, दुसरं म्हणजे ‘अ’ टंकून त्यावर चंद्र. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला मात्र ती वेगळी नावं आहेत. एका संगणकावर बनवलेल्या फोल्डरासाठी दुसऱ्या संगणकावर टंकलेला नियम म्हणूनच मुकाट फसतो. नाव टंकू नका, मूळ फोल्डरावरून कॉपी करा.

याहून मोठा निर्णय यादीच्या दिशेचा. ‘ही फोल्डरं घ्या’ अशी यादी केली तर पुढच्या महिन्यात तयार होणारं नवं फोल्डर आपोआप बाहेर राहतं. ‘सगळं घ्या, ही सोडून’ अशी केली तर नवं फोल्डर आपोआप आत येतं. पहिल्या पद्धतीत विसरल्याची किंमत हरवलेल्या फायली, दुसरीत थोडी वाया गेलेली जागा. म्हणून दुसरीच.

आणि आधी बॅकअपमध्ये असलेलं फोल्डर आज वगळलं, तर तिकडे पडलेल्या प्रतीचं काय होतं? आरसिंकला ‘मूळ ठिकाणी नसलेलं तिकडूनही पुसा’ असं सांगितलं असलं, तरी वगळलेल्या गोष्टींना ते सहसा हात लावत नाही. ‘वगळलेलंही पुसा’ असा निराळा हुकूम दिला तरच पुसतं. आवृत्त्या ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये मात्र जुन्या आवृत्त्या ठरलेली मुदत संपेपर्यंत राहतात आणि मग एकेक गळतात. त्यामुळे आज केलेली चूक काही महिने झाकलेली राहते. तोवर जुनी प्रत सापडते, नंतर काहीच सापडत नाही.

न सांगता वगळलेलं

काही फोल्डरं आपण न सांगताही बाहेर पडतात. बॅकअप चालवणाऱ्या खात्याला वाचायची परवानगी नसेल तर ते फोल्डर सोडून प्रोग्राम पुढे जातो आणि नोंदवहीत एक ओळ टाकतो. शॉर्टकटसारखा दुवा असेल तर बरेचदा नुसता दुवाच कॉपी होतो, आतला ऐवज नाही. वनड्राइव्हवरची फाइल संगणकावर नावापुरतीच असू शकते.

लांब मराठी नावांचीही एक अडचण आहे. लिनक्सच्या प्रचलित फाइल व्यवस्थेत नावाला कमाल २५५ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला ३. ‘बोरगाव मेघे’ एवढ्या नावाचेच ३१ बाइट होतात. नॅसवरचं कुलूपबंद फोल्डर ईक्रिप्टएफएस पद्धतीचं असेल तर मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे देवनागरीची जेमतेम ४७ चिन्हं. ‘चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक यांच्या विवाहाची अंतिम पत्रिका दुरुस्त’ असलं नाव तिथे मावत नाही, आणि ती फाइल कॉपी होताना अडते.

काही गोष्टी वगळायलाच हव्यात

झेरॉक्सच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकांची आधार कार्डं, जातीचे दाखले, बँक पासबुकं स्कॅन होतात आणि ‘स्कॅन’ नावाच्या फोल्डरात साचत जातात. ती दुकानाची मालमत्ता नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं एक मूळ तत्त्व असं, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपल्यावर ती ठेवू नये. अशा फोल्डराला बॅकअपमध्ये जागा नको. ते ठरावीक दिवसांनी रिकामं करायचं, आणि जुन्या आवृत्त्यांमध्ये ते शिरलं असेल तर तिथूनही काढायचं. हे वगळणं जागेसाठी नाही, दुसऱ्याच्या माहितीची जबाबदारी म्हणून.

वगळलेलं दिसत नाही

वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम. तिथे राहिलेल्या गांधीजींच्या लेखनाचं काय झालं, ते या विषयात फार बोलकं आहे. भारत सरकारने १९५८ पासून त्यांच्या समग्र लेखनाचे इंग्रजी खंड काढायला सुरुवात केली आणि ते काम १०० खंडांपर्यंत गेलं. पुढे या खंडांची सुधारित आवृत्ती निघाली, सोबत सीडीही. दिसायला सगळं ठाकठीक, खंडही १००. पण अभ्यासकांनी नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा शेकडो गळाल्याचं आढळलं. आक्षेप वाढले आणि २००५ मध्ये सरकारने ती आवृत्ती मागे घेतली. गळती कळली ती पहिली आवृत्ती ग्रंथालयांतून शाबूत होती आणि कुणी तरी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या म्हणून. नवी आवृत्ती एकटी वाचून ती कधीच कळली नसती, कारण तिच्यात काय नाही हे ती स्वतः सांगत नव्हती.

बॅकअपचा प्रोग्रामही हिरवी खूण दाखवतो तेव्हा एवढंच म्हणतो, की सांगितलेलं सगळं घेतलं. काय सांगितलंच नव्हतं, ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. वगळलेल्या फोल्डरांची यादी कागदावर लिहावी: नाव, वगळण्याचं कारण, तारीख, आणि ते पुन्हा कुठून मिळेल. चौथा रकाना कोरा राहिला तर ते फोल्डर वगळायचं नाही. आणि वर्षातून एकदा रिकाम्या संगणकावर, नॅसला हात न लावता, फक्त बॅकअपमधून एक जुनं काम पुरतं उभं करून पाहावं: पत्रिका उघडून, फॉन्टसह, छपाईला देण्याइतकं. आषाढी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त थांबतात आणि अशा दुकानाला श्वास घ्यायला फुरसत मिळते. तालमीला हे दिवस उत्तम. त्यात एखादी फाइल उघडली नाही, तर मूळ फाइल अजून नॅसवर आहे आणि यादी दुरुस्त करायला तुळशीच्या लग्नापर्यंत वेळ आहे.